दुसऱ्याचं जुनेर

राग यायला मला फारसं काही लागत नाही, असं बायको म्हणते, आणि ते खरं आहे. एक बटण तुटलं म्हणून अख्खा शर्ट बोहारणीला देऊन टाकणारा माणूस दिसला की माझं डोकं फिरतं. आजकालचे तयार शर्ट हातात घेतले तरी फिरतं. शिवणीत आत थोडं कापड सोडायचं, हे यांना कुणी शिकवलेलंच नाही. काठाला काठ लावून टीप मारतात आणि मोकळे होतात. पोट जरा सुटलं की शर्ट सैल करायची सोय नाही. दोन धुण्यांत बाही आखडते, चार धुण्यांत रंग उतरतो. जुन्या जालन्यात कापड दुकानांसमोर असल्या शर्टांचे ढीग मांडून 'एकावर एक' ओरडणारे दिसले की वाटतं, यांना सांगावं, बाबांनो, एकच द्या पण धड द्या.

मी शर्ट टाकत नाही. शर्ट सगळ्यात आधी विरतो तो कॉलरीच्या घडीवर. मानेला घासून धागे निघतात, बाकीचा शर्ट मात्र ठणठणीत असतो. मग मी ब्लेडनं कॉलरीची टीप उसवतो, कॉलर सोडवून घेतो, उलटी करतो आणि परत जागेवर बसवतो. विरलेली बाजू खाली जाते, कोरी बाजू वर येते. याला कॉलर पलटणं म्हणतात. कोपराला फाटलं तर शर्टाच्या खालच्या घेरातलं, पँटीत खोचलेलं कापड काढून तिथं लावायचं. रंग जरा गडद दिसतो, पण कापड त्याच शर्टाचं असतं. पूर्वी हे काम आमच्या गल्लीतला टेलर करून द्यायचा. मागे एकदा गेलो तर म्हणाला, "सर, कॉलर पलटायला कोण बसतंय आता? नवाच घेऊन टाका ना." त्या दिवसापासून मी त्याच्या दुकानाची पायरी चढलेलो नाही आणि घरीच मशीनवर बसतो.

हे सगळं मला आईनं शिकवलं. वडील अंकुशनगरला साखर कारखान्यावर होते, आम्ही तिथल्याच वस्तीत वाढलो. आईकडं एक हातमशीन होतं. गाळप सुरू झालं की वडिलांच्या खाकी पँटींचे गुडघे महिन्याभरात जायचे आणि आई त्या पँटी आतून दुसरं कापड लावून परत उभ्या करायची. आम्हा भावंडांच्या शाळेच्या पँटी ती मुद्दाम लांब शिवायची आणि खाली दुमडून ठेवायची. दर जूनमध्ये एकेक दुमड उसवायची. जुन्या दुमडीची गडद रेघ पोटरीवर राहायची, त्यामुळं आमची उंची कोणत्या वर्षी किती वाढली हे साऱ्या वर्गाला पँटीवर वाचता यायचं. लाज वाटायची का? बिलकुल नाही. हळूहळू वस्तीतली माणसं आईकडं कपडे घेऊन यायला लागली. कुणाची कॉलर, कुणाचा परकर, कुणाच्या पोराचं दप्तर. ती शिवून द्यायची, माणसं घेऊन जायची.

पण आईचा एक कायदा होता आणि तो घरात सगळ्यांना पाठ होता. आपलं कापड चिंधी होईस्तोवर वापरायचं, चिंध्यांचीही गोधडी करायची, मात्र दुसऱ्यानं वापरून सोडलेलं जुनेर घरात येऊ द्यायचं नाही. थंडीच्या दिवसांत माझा धाकटा भाऊ एकदा मित्राच्या घरून स्वेटर घालून आला. मित्राच्या आईनं तो प्रेमानं दिला होता, मित्राला आखूड होत होता म्हणून. आईनं भावाला त्याच पावली परत पाठवलं. बिचारा जाताना ऊबदार गेला आणि येताना कुडकुडत आला. दुसऱ्या दिवशी आईनं स्वतःच्या गोधडीचा कोपरा कापून त्याला बिनबाह्यांची बंडी शिवून दिली. ती बंडी त्यानं तीन हिवाळे घातली.

कायद्याचं कारण तिनं आम्हाला एकदाच सांगितलं. "माझी माय गावात घरोघरी कामाला जायची. सणाला जुनं लुगडं मिळायचं. पण हातात न्हाई द्यायचे. वरतून टाकायचे, मायनं खालून पदर पसरायचा. मी तिच्या बाजूला उभी राहायची. तव्हाच मी मनाशी बोलले, लोकाचं जुनेर अंगाला लावायचं न्हाई आन् हातानं उचलायचं बी न्हाई."

आम्ही बौद्ध. आमच्यात जयंतीला नवे कपडे घेतात, जसे इतर घरांत दिवाळीला घेतात. आई वर्षभर ठिगळ चालवून घेते, चौदा एप्रिलला मात्र घरातल्या प्रत्येकाच्या अंगावर कोरं कापड लागतं. त्या दिवशी मी पलटलेल्या कॉलरीचा शर्ट काढला तर ती हातातून ओढून घेते. हा हट्ट मला कधी समजावून सांगावा लागला नाही.

आता ऑफिसातल्या माझ्या शेजाऱ्याबद्दल. त्यांचं टेबल माझ्या टेबलाला लागून आहे. वयानं माझ्याहून थोडे मोठे, घराणं जालन्यातलंच, जुनं आणि शिकलेलं. वडील वकील होते, भाऊ डॉक्टर आहे. माणूस वाईट नाही, हे आधीच सांगून टाकतो, कारण वाईट माणसावर रागावणं फार सोपं असतं. बरीच वर्षं आम्ही दुपारी एकत्र डबा खातो. माझ्या डब्यातली वांग्याची भाजी ते मागून घेतात. आणि गंमत म्हणजे कपड्यांच्या बाबतीत तेही माझ्यासारखेच. निळ्या चौकड्यांचा एक शर्ट मी त्यांच्या अंगावर कित्येक वर्षं बघतोय. त्याच्या कोपराला ठिगळ आहे, तेही भलत्याच कापडाचं. मागे वरिष्ठ साहेब तपासणीला आले होते. त्यांनी सगळ्यांसमोर त्या ठिगळाकडं बोट करून म्हटलं, "यांच्याकडून शिका जरा. एवढ्या मोठ्या घरातला माणूस, पण राहणी बघा किती साधी!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. माझ्या अंगावर त्या दिवशी पलटलेल्या कॉलरीचा शर्ट होता आणि माझी शिलाई त्यांच्या ठिगळापेक्षा शंभर पटीनं सरस होती, पण तिकडं कुणाचं लक्ष गेलं नाही. मला तेव्हा राग आला नाही. उलट बरं वाटलं, की ऑफिसात आपल्यासारखा आणखी एक जण आहे.

गेल्या वर्षी जयंती दहा-बारा दिवसांवर आली होती. सकाळी ऑफिसात आलो तर माझ्या टेबलावर एका साड्यांच्या दुकानाची मोठी पिशवी.

"घ्या," ते म्हणाले. "जयंती आली ना तुमची. वहिनींना, मुलीला होतील. तुमच्यासाठीपण दोन शर्ट टाकलेत. एकदम चांगले आहेत हो. घरातली कपाटं रिकामी करून राह्यलो सध्या. तुम्ही जुनेच कपडे वापरता, मी बघतो ना रोज. म्हटलं, तुमच्या कामाला येतील."

त्यावर मी काय केलं असेल? ज्या माणसाला रस्त्यावर कुणी बटण नसलेला शर्ट टाकला तरी राग येतो, त्यानं काय करायला पाहिजे होतं? मी "बरं" म्हणालो. वर "थँक्यू" म्हणालो. आणि पिशवी टेबलाखाली पायांशी सरकवली.

दिवसभर फायलीत डोकं घालून बसलो आणि आतून नुसता जळत होतो. चौकड्यांचा तोच शर्ट वर्षानुवर्षं घालणाऱ्या माणसाला आजवर कुणी जुन्या कपड्यांची पिशवी दिलेली नाही. देण्याची कुणाची हिंमत होणार नाही, आणि सुचणारही नाही. आमचं पद एक, पगार एक, तो बँकेत येतो तोही एकाच दिवशी. पण त्यांच्या कोपराचं ठिगळ म्हणजे साधेपणा आणि माझ्या कॉलरीची टीप म्हणजे गरज. त्यांनी जुनं घातलं तर तो त्यांचा विचार, मी जुनं घातलं तर ती माझी परिस्थिती. आणि नेमकं जयंतीला! वर्षातल्या ज्या एका दिवशी आमच्या घरात जुनं कापड चालत नाही, त्याच दिवसासाठी. हे सगळं त्यांच्या तोंडावर बोलायला पाहिजे होतं. मी बोललो नाही आणि संध्याकाळी पिशवी स्कूटरच्या हुकला अडकवून घरी आलो.

पिशवी मी स्कूटरलाच ठेवणार होतो, दुसऱ्या दिवशी परत न्यायची म्हणून. पण आई दारातच बसली होती. दुकानाचं नाव तिला वाचता येत नाही, पण पिशवी ओळखता येते. "आणले का जयंतीचे कपडे?" म्हणत तिनं पिशवी ओढली आणि मी स्टँड लावेपर्यंत साडी बाहेर काढलीसुद्धा. तिनं पदर दोन बोटांत धरून चोळला. पिन लावून लावून भोकं पडलेली जागा तिला बरोबर सापडली.

"हे वापरलेलं हाय," ती म्हणाली. "कोणाचं हाय रे हे?"

तिचा हात साडीवरून निघाला होता आणि ती माझ्याकडं बघत होती. मी खोटं बोललो.

"ऑफिसातल्या एकाचं हाय. दुरुस्तीला दिलंय. माझी माय कॉलर पलटती, असं मी सांगितलं व्हतं त्यांना."

दुरुस्तीला आलेलं कापड तिला चालतं. आयुष्यभर तिनं तेच केलं होतं. शिवून परत जातं ते काम, घरात राहतं ते जुनेर, असा तिचा सरळ हिशेब. तिचा चेहरा एकदम खुलला. वडील गेल्यावर ती माझ्याकडं जालन्याला आली, तेव्हापासून तिला बाहेरचं काम कुणी दिलं नव्हतं. या कॉलनीत कोण कशाला देईल? "अजून लोकायला कदर हाय म्हणायची," ती म्हणाली आणि साडी परत हातात घेतली. "कव्हा पायजे त्यांना? जयंतीच्या आधी देऊन टाकू. जल्दी करते."

बायकोनं स्वयंपाकघरातून सगळं ऐकलं होतं. मी आत गेलो तशी ती दबक्या आवाजात म्हणाली, "खरं सांगा त्यांना. आत्ताच्या आत्ता सांगा."

"उद्या पिशवी परत नेऊन टाकतो," मी म्हणालो. "मंग सांगायचंच कशाला?"

सकाळी उठून बघतो तर आईनं दोन्ही शर्टांच्या कॉलरी उसवून ठेवल्या होत्या. साडीचा फॉल काढून बाजूला ठेवला होता. आता परत काय नेणार, चिंध्या?

चार दिवस ती खिडकीपाशी मशीनवर बसली होती. दिसत कमी होतं म्हणून सुईत दोरा माझी मुलगी ओवून द्यायची, आणि एकदम दहा सुया ओवून खिडकीच्या गजाला टोचून ठेवायची. कॉलरी तिनं पलटल्या. साडीला हातानं फॉल लावला, इतक्या बारीक टाक्यांनी की उजव्या बाजूनं दोरा दिसत नव्हता. पिशवीत एक पंजाबी ड्रेसही होता, त्याच्या काखेतली शिवण दुहेरी केली. मधूनमधून त्या घरातल्या लोकांची थट्टा चालायची. "हे बघ, काळ्या बटनाला पांढरा दोरा. ह्यांच्या घरात कोणाला येतच न्हाई वाटतं काई." मी हसायचो. बायको हसायची नाही. ती माझ्याकडं एकटक बघायची आणि मी चपला घालून बाहेर निघून जायचो. चार दिवसांत आईला सांगायला मी किमान दहा वेळा तोंड उघडलं असेल. दर वेळी ती काहीतरी दाखवायची, एखादा टाका, एखादी कड, आणि मी "छान झालंय" म्हणून गप्प बसायचो. स्वतःच्या भित्रेपणाचा राग फार विचित्र असतो, तो काढायला दुसरा माणूस सापडत नाही.

पाचव्या दिवशी सगळे कपडे इस्त्री करून, घडी घालून तिनं त्याच पिशवीत भरले. मी ती ऑफिसात नेली आणि त्यांच्या टेबलावर ठेवली.

"अहो, परत कशाला आणलंत?" ते म्हणाले. "तुमच्यासाठीच होते ते."

"माझ्या आईनं दुरुस्त करून दिलेत. आता तुम्ही घाला."

"आम्ही कुठं घालणार आता?"

"का?"

"का म्हणजे? टाकायलाच तर काढले होते."

"टाकायला काढलेले मला दिले तुम्ही?"

माझा आवाज चढला होता. पलीकडच्या दोन टेबलांवरची कामं थांबली. ते गोरेमोरे झाले. "तुम्ही उगाच मनावर घेऊन राह्यले. मी माणुसकीनं दिले. आणि जुनं घालण्यात कमीपणा काय आहे? हा माझा शर्ट बघा की."

"बघतोय. कित्येक वर्षं बघतोय. तुम्हाला दिली का कुणी कधी अशी पिशवी?"

"मला कशाला कोण देईल?" ते म्हणाले.

अगदी सहज म्हणाले. त्यात कुठंही कुत्सितपणा नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. आपण काय बोललो हे त्यांच्या लक्षात आलं असं मला अजूनही वाटत नाही. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि फाईल उघडली. त्या दुपारी मी डबा एकट्यानं खाल्ला.

संध्याकाळी आईचा पहिला प्रश्न: "काय म्हणले? कॉलरी बघितल्या का?"

"बघितल्या. आवडल्या."

एक खोटं बोललं की दुसरं आपोआप तोंडात येतं. पिशवी दोन दिवस त्यांच्या टेबलाखाली पडून होती. आई रोज विचारायची, घातला का त्यांनी शर्ट, आणि मी रोज म्हणायचो, अजून न्हाई. तिसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसच्या पायऱ्यांवर झाडू मारणाऱ्या बाई भेटल्या. त्यांच्या हातात तीच पिशवी. "साहेबांनी दिली," त्या म्हणाल्या. "बघा ना सर, साडी कशी नव्यासारखी हाय." त्यांनी फॉल उलटून मला दाखवला. त्या खूश होत्या आणि त्यांना काय सांगणार होतो मी?

टाकायचेच होते म्हणून दिले, की आमच्या घरातून शिवून आले म्हणून दिले? हे मला आजही ठाऊक नाही. ते तोंडानं कधी सांगणार नाहीत, कदाचित त्यांनी स्वतःलाही विचारलं नसेल. पण हा प्रश्न माझ्या डोक्यात का यावा? त्यांच्या डोक्यात तो कधी येत नाही, रात्रंदिवस तो माझ्याच डोक्यात का राहावा? या एका गोष्टीचा जेवढा संताप होतो तेवढा पिशवीचाही होत नाही.

त्या संध्याकाळी आई म्हणाली, "त्यांना म्हणावं, अजून काम असंल तर धाडा. मी बसूनच हाय." तिच्या हातात माझ्या मुलीसाठी जयंतीला आणलेला कोरा ड्रेस होता, त्याची लांबी ती कमी करत होती. मला पुढं रेटवेना. मी तिच्यासमोर खाली बसलो आणि सगळं सांगितलं. पिशवी कशी दिली, काय म्हणून दिली, परत नेल्यावर काय झालं, आता ती कुणाकडं गेली. सांगता सांगता माझा आवाज वाढत गेला. उद्या त्यांना सगळ्यांसमोर धारेवर धरतो म्हणालो, साहेबांकडं लेखी देतो म्हणालो, यापुढं त्यांच्यासोबत डबा खाणार नाही म्हणालो.

आईनं ड्रेस बाजूला ठेवला. ती आपल्या हातांकडं बघत होती.

"तू हातात घेतली ती पिशवी?" तिनं विचारलं.

"घेतली."

"आन् मला सांगितलं, काम हाय."

"हाव."

मी परत त्यांच्यावर घसरलो. असल्या लोकांना कधी कळायचं नाही, वगैरे. आईनं मला थांबवलं.

"त्याला काय बोलतो तू?" ती म्हणाली. "त्याच्या घरात असलं कधी झालंच न्हाई. मी कोण, माझ्या मायनं काय केलं, त्याला कुठून मालूम असंल? तुला मालूम व्हतं."

तिनं चष्मा काढला.

"चार दिवस मी ते मांडीवर घेऊन बसले. तू आत-बाहेर करत बघत व्हता."

मी तिच्या हाताला हात लावायला गेलो, तिनं हात मागं घेतला.